पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रात माणसं आजारी का पडतात?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांपुढे गेली, तिथं ४३ फूट म्हणजे धोका. दोन्ही जिल्हे मिळून चार लाखांहून जास्त माणसांना घर सोडावं लागलं. काहीजण पाहुण्यांकडं गेले. बाकीच्यांचा मुक्काम शाळा, मंगल कार्यालयं, साखर कारखान्यांची आवारं आणि देवळांचे सभामंडप यांत पडला. कुणाच्या दोन रात्री गेल्या, कुणाचे पंधरा दिवस.

त्या दिवसांतले फोटो आठवा. बोटीतून उतरणारी आजी, जवानांना राख्या बांधणाऱ्या बायका, बिस्किटांचे आणि पाण्याच्या बाटल्यांचे ट्रक. निवारा केंद्रातल्या संडासाचा फोटो मात्र पाहिल्याचं आठवत नाही. मदत करणाऱ्याला भूक दिसते, कारण भुकेलं माणूस मागतं. संडास तुंबलाय हे सांगायला माणूस लाजतं. त्यामुळं मदतीचा सगळा ओघ तोंडाच्या बाजूला आणि आजाराचं मूळ दुसऱ्या बाजूला, असं जवळपास प्रत्येक पुरात होतं. या लेखात जास्त बोलायचंय ते त्या दुसऱ्या बाजूबद्दल.

एका वर्गखोलीचा हिशोब

सुरुवात जागेपासून करू, कारण ते गणित सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात जास्त मोडलं जातं.

वीस बाय पंचवीस फुटांची एक वर्गखोली घ्या. क्षेत्रफळ ५०० चौरस फूट, म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातल्या कलम १२ खाली मदत छावण्यांसाठी किमान निकष ठरवून दिलेत. त्यात माणशी छताखालची जागा साडेतीन चौरस मीटर धरली आहे. जगभरच्या मदत संस्था वापरतात त्या 'स्फिअर' निकषांतही हाच आकडा आहे. साडेतीन चौरस मीटर म्हणजे जेमतेम सहा फूट बाय सव्वासहा फूट. एक माणूस आडवं होईल, उशाशी पिशवी राहील आणि पलीकडच्याला पाय न लावता कुणी ये-जा करू शकेल, एवढीच ती जागा. या हिशोबानं आपल्या खोलीत तेरा माणसं मावतात.

प्रत्यक्षात चाळीस असतात.

पहिल्या रात्री हा हिशोब कुणी करत बसू नये. पाणी दाराशी आलेलं असताना डोक्यावर छप्पर मिळालं, एवढं पुष्कळ. पण तिसऱ्या दिवशीही चाळीसच असतील तर शेजारची खोली उघडायला हवी, नाहीतर दुसरी शाळा शोधायला हवी. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या बंद. दोरीवर ओली लुगडी आणि पोरांचे कपडे, खाली ओलसर फरशी, आणि चाळीस माणसांचा श्वास त्याच हवेत. सर्दी-खोकला अशा खोलीत एका रात्रीत फिरतो. खरी भीती गोवरची. गोवरच्या पेशंटनं खोली सोडल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. फिलिपिन्समध्ये १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला. तिथून हलवलेल्या लोकांच्या छावण्यांत गोवरनं लहान मुलांचे फार बळी घेतले, कारण डोंगरातल्या त्या वस्त्यांत लसीकरण फार कमी झालेलं होतं. म्हणून केंद्र दोन-तीन दिवसांपेक्षा लांबणार असं दिसलं की आरोग्य सेविकेनं आधी मुलांची लसीकरणाची कार्डं विचारायची असतात. कार्ड पुरात गेलं असेल तर लस आणि 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देऊन टाकणं हाच सुरक्षित मार्ग.

जागा वाढवता येत नसेल तर बिनपैशाचे दोन उपाय आहेत. एक, समोरासमोरच्या दोन खिडक्या वरच्या बाजूनं तरी उघड्या ठेवायच्या. दुसरा, शेजारच्याच्या पायांकडं आपलं डोकं येईल असं उलटसुलट झोपायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण खोकणाऱ्याच्या तोंडापासून शेजाऱ्याचं तोंड त्यामुळं चार-पाच फूट लांब जातं.

चहूकडं पाणी, प्यायला नाही

२०१९ मध्ये कोल्हापूर शहराचा पाणीपुरवठा बरेच दिवस बंद होता. नदीकाठची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली होती. पुराचा हा नेहमीचा खेळ. नदी फुगली की आधी तिच्याच काठावरचे पंप बुडतात, मग वीज जाते, आणि सुरू होतो टँकर.

राष्ट्रीय निकष सांगतात की माणशी दिवसाला पिण्यासाठी किमान ३ लिटर आणि शौच-आंघोळीसाठी किमान १५ लिटर पाणी हवं. तीनशे माणसांच्या केंद्राला झाले ५,४०० लिटर, स्वयंपाक आणि भांडी सोडून. रोजचा एक मध्यम टँकर. बाटलीबंद पाण्याच्या खोक्यांची थप्पी दिसायला मोठी दिसते, पण बाटलीतल्या पाण्यानं कुणी संडास धूत नाही. पिण्याची सोय झाली आणि धुण्याची राहिली, तर हात अस्वच्छ राहतात आणि बाटलीतलं शुद्ध पाणी त्याच हातांनी तोंडात जातं.

आता टँकरच्या पाण्याचं बघू. आपल्याकडं गावोगावी पाणी शुद्ध करायला वापरतात ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडर. चांगल्या, ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. हजार लिटर स्वच्छ पाण्याला अशी अडीच ग्रॅम पावडर टाकली की लिटरमागं ०.८ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन जातं. ते सगळं टिकत नाही. महिन्याच्या एक तारखेला हातात आलेल्या पगारातून घेणेकरी आधी आपापला वाटा उचलतात, तसंच इथं होतं. पाण्यातला गाळ, कुजका पाला, शेण, जंतू हे सगळे घेणेकरी. त्यांचं भागल्यावर जे उरतं तेच पुढं राखण करतं. शिल्लक शून्य असेल तर टँकर भरताना शुद्ध असलेलं पाणी केंद्रातल्या पिंपात येईपर्यंत पुन्हा दूषित होऊ शकतं.

म्हणून किती पावडर टाकली यापेक्षा किती क्लोरीन उरलं हे महत्त्वाचं, आणि ते बघायची सोय प्रत्येक ग्रामपंचायतीत असते. ओटी टेस्ट. छोट्या काचनळीत पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. डबीवरच्या रंगपट्टीशी ताडून ते किती हेही कळतं. रंग आला नाही तर पाणी प्यायचं नाही. पावडर टाकल्यावर अर्ध्या तासानं ही टेस्ट करायची. लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम हवं, आणि पूर किंवा साथ असेल तर ०.५ च्या आसपास. मुख्य म्हणजे नमुना टँकरच्या टाकीतून नको, माणसं जिथं ग्लास भरतात तिथून हवा. दोन मिनिटांचं काम आहे. आलेल्या प्रत्येक टँकरला ते करणारं एक माणूस नेमलं तर हगवणीची बरीचशी लढाई तिथंच जिंकता येते.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी काढून घ्या आणि मग पावडर टाका. गढूळ पाण्यात नुसती पावडर वाढवत गेलं तर वास येतो, लोक पीत नाहीत आणि पोरं पाठीमागच्या विहिरीवर जातात. आणखी एक, गोदामात पोतं उघडं पडलेलं असेल तर त्या पावडरीचा भरवसा धरू नका. दमट हवेत तिच्यातलं क्लोरीन उडून जातं आणि हातात उरतो जवळपास चुना.

जाता जाता एक तक्रार. पूर ओसरला की रस्त्याच्या कडेला, केंद्राच्या दारात, गटाराच्या तोंडाशी पांढऱ्या पावडरीच्या रेघा ओढल्या जातात. फोटो छान येतो. पण चिखलातली घाण ती पावडर क्षणात संपवून टाकते आणि जंतू तसेच राहतात. रस्त्यावर उधळलेली पावडर टाकीत गेली असती तर कामी आली असती.

पाणी शुद्ध केल्यावरही ते हरायची एक शेवटची जागा उरते, ती म्हणजे पिंपात बुडवलेला तांब्या. पन्नास हात दिवसभर त्याच पाण्यात जातात. झाकणाचं आणि नळाचं पिंप मिळालं तर उत्तमच. नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि पाणी वाढायला एकच माणूस बसवा.

जिथं सगळं अडतं

आता संडास.

राष्ट्रीय निकष म्हणतो तीस माणसांमागं एक. स्फिअरचा निकष सुरुवातीच्या धावपळीत पन्नास माणसांमागं एक चालवून घेतो, पण लवकरात लवकर वीसवर या म्हणतो. तीनशे माणसांसाठी राष्ट्रीय निकषानं दहा लागले. शाळेत असतात तीन-चार, त्यातला एखादा कुलूपबंद, आणि उंची-मापं सगळी पोरांच्या हिशोबानं केलेली.

त्यात पुराची स्वतःची अडचण असते. शोषखड्ड्यातलं पाणी मातीत मुरायला हवं, पण माती आधीच भिजून चिंब असते. सेप्टिक टँक भरतो आणि पाणी पुढं जायला वाट नाही म्हणून भांड्यातून उलटं वर येतं. दुसऱ्या दिवशी चारपैकी दोन बंद. तिसऱ्या दिवशी पुरुष उसाच्या बांधाला जायला लागतात आणि बायका पाणी प्यायचं सोडतात.

हे शेवटचं वाक्य अतिशयोक्तीचं वाटेल. पण कुठल्याही केंद्रात चार बायकांशी बोलून बघा. "आक्का, पाणी पी की गं," म्हटलं की उत्तर येतं, "नको बाई, मग रातीचं उठाय लागतंय." अंधार, चिखल, आतून कडी नाही, वाटेत पुरुष झोपलेले. त्यापेक्षा तहान बरी. दोन दिवसांत लघवीची जळजळ सुरू होते. गरोदर बाईला हा संसर्ग जास्त जड जातो. म्हाताऱ्या माणसांचं तर एवढ्यावरही भागत नाही.

जपाननं हे सगळ्यात बारकाईनं मोजलंय. तिथं २००४ च्या निईगाता भूकंपानंतर पुष्कळ लोक रात्री आपापल्या गाडीत झोपत होते. बसून झोपायचं, हालचाल कमी, आणि संडासला जावं लागू नये म्हणून पाणीही कमी. यातून पायाच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्या फुफ्फुसात जाऊन काहीजण दगावले. पुढं २०१६ मध्ये कुमामोतोला भूकंप झाला. थेट भूकंपात ५० माणसं गेली. त्यानंतर हाल, दगदग, तुटलेले उपचार, छावणीतलं आणि गाडीतलं जगणं यांतून गेलेल्यांची संख्या दोनशेच्या वर भरली. जपानी सरकार अशा मृत्यूंची वेगळी नोंद ठेवतं आणि त्या घरांना भरपाईही देतं. आपल्याकडं पुराचा बळी म्हटलं की बुडालेला, भिंतीखाली सापडलेला किंवा विजेचा धक्का बसलेला, एवढेच डोळ्यांसमोर येतात. निवारा केंद्रात आठ दिवस पाणी तोडून काढलेल्या सत्तर वर्षांच्या बाईला घरी परतल्यावर अटॅक आला, तर तिचं नाव पुराच्या यादीत कोण घालणार?

जपानी केंद्रांत आता पुठ्ठ्याच्या खोक्यांचे पलंग दिसतात. ते जमिनीपासून फूटभर उंच असतात, खालची थंडी आणि धूळ लागत नाही आणि म्हातारं माणूस स्वतःच्या जोरावर उठू शकतं. उठू शकलं की संडासला जातं, आणि जातंय म्हणून पाणीही पितं. आपल्याकडं पुठ्ठा आणायची गरज नाही. शाळेत बाक असतात. दोन रुंद बाक जोडून दोरीनं बांधले की म्हाताऱ्या माणसाची सोय झाली. बहुतेक ठिकाणी मात्र जागा करायची म्हणून हेच बाक व्हरांड्यात पावसात रचून ठेवतात.

संडासाच्या बाबतीत काय काय करायचं याची यादी लांब होईल, पण त्यातलं सगळ्यात स्वस्त काम म्हणजे बल्ब आणि आतली कडी. रात्रभर जळणारा दिवा, बायकांची वेगळी बाजू, पुरुषांच्या झोपायच्या जागेतून न जाणारी वाट. अंतर पन्नास मीटरच्या आत. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त संडास लागतात, स्फिअर तीनास एक हे प्रमाण सांगतं. पॅड टाकायला झाकणाचा डबा आतच हवा, नाहीतर ते भांड्यात जातात आणि मग पुन्हा तुंबलेल्या पाइपचीच गोष्ट. एखाद्या कोपऱ्यात खुर्चीला भोक पाडून केलेला कमोड ठेवला तर गुडघे धरलेल्या चार आज्या दुवा देतील. फिरती शौचालयं मागवली असतील तर ती उपसायला येणाऱ्या गाडीचा नंबर त्याच दिवशी घेऊन ठेवा. दोन दिवसांत भरलेली फिरती शौचालयं हे निवारा केंद्राबाहेरचं नेहमीचं दृश्य आहे.

"स्वच्छता राखा" अशी पाटी लावून काही होत नाही. तीनशे माणसांचे संडास दिवसातून चार-पाचदा धुवावे लागतात. ते काम रोजंदारीवर नेमलेल्या माणसाचं. त्याला गमबूट, रबरी हातमोजे आणि रोख मजुरी द्यायची. "आपल्यातलेच कुणीतरी करतील" म्हटलं की ते काम आपोआप ठरावीक जातीच्या माणसांवर जातं, तीही पूरग्रस्तच असली तरी. हे उघड बोललं जात नाही म्हणून इथं लिहिलं.

हात धुण्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्सची हजारो माणसं ह्यूस्टनच्या स्टेडियम संकुलात हलवली. सप्टेंबरात तिथं उलट्या-जुलाबाची साथ आली आणि हजाराहून जास्त लोकांना उपचार लागले. कारण निघालं नोरोव्हायरस. हा विषाणू सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही, त्याला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. करोनानंतर आपल्याकडं सॅनिटायझरचे कॅन भरभरून येतात, पण साबणाची वडी आणि हात धुवायला बांधलेला नळाचा डबा दिसत नाही. कुणाला उलटी झाली तर ती जागा पुसायला एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर टीसीएल पावडर, असं कडक द्रावण वापरा. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. मात्र त्याच बादलीत संडास धुवायचं ॲसिड कधीही ओतू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो.

कुठला आजार कधी

पाण्यातून येणारे सगळे आजार एकदम येत नाहीत, आणि त्यामुळंच पुष्कळदा गफलत होते.

नोरोव्हायरस बारा तासांपासून दोन दिवसांत दिसतो. पटकी, म्हणजे कॉलरा, काही तासांपासून पाच दिवसांत. हे केंद्र चालू असतानाच कळतं, धावाधाव होते, ओआरएसची पाकिटं वाटली जातात. लेप्टोला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला, साधारण एक-दोन आठवडे लागतात. उंदीर आणि जनावरांच्या मुतातले जंतू पुराच्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून आत जातात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पावसानंतर लेप्टोची साथ आली होती. कंबरभर पाण्यातून चालत आलेल्या माणसाला दहा दिवसांनी ताप, पोटऱ्यांत मरणाचं दुखणं आणि लाल डोळे दिसले तर डॉक्टरांना पुरातून चालल्याचं आपणहून सांगा. प्रतिबंधासाठी आठवड्याला डॉक्सिसायक्लिन देतात, पण ती गोळी गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी नाही, म्हणून वाटप डॉक्टरांच्या हातूनच व्हायला हवं.

सगळ्यात उशिरा येते ती कावीळ. हिपॅटायटिस ई चा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते आठ, बहुतेकदा पाच-सहा आठवडे जातात. तोवर निवारा केंद्र बंद झालेलं असतं, शाळा भरलेली असते, घराच्या भिंती वाळत आलेल्या असतात. डोळे पिवळे झाल्यावर कुणालाही आठवत नाही की दीड महिन्यापूर्वी आपण कुठलं पाणी प्यायलो. पंचगंगेकाठच्या लोकांना या आजाराची ओळख करून द्यायला नको. २०१२ साली इचलकरंजीत याची मोठी साथ येऊन गेली. तेव्हा पूर नव्हता, पाणी मात्र दूषित होतं. बहुतेक माणसं यातून बरी होतात, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हाच आजार झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. केंद्रात आलेल्या गरोदर बायकांची नावं लिहून ठेवून दोन महिने त्यांच्या घरी जात राहणं, हे आशाताईचं काम केंद्र बंद झाल्यावरच खरं सुरू होतं.

डेंग्यूही उशिराचाच. डबकं साचल्यापासून डासाची नवी पिढी तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा, विषाणू डासात वाढायला आणखी तेवढेच दिवस, आणि मग माणसाला ताप. धुराची गाडी फक्त उडते डास मारते. केंद्रामागं टाकलेल्या ताटल्या, टायर आणि थर्माकोलचे डबे उचलले तर अळ्यांची सोय संपते.

जेवणाबद्दल थोडंसं

यावर सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात. लांबच्या गावी पहाटे शिजवलेला भात बंद डब्यात कोंडून दुपारी उशिरा पोचतो. गरम अन्न साठ अंशांच्या खाली कोमट राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात, आणि भातातले काही जंतू असं विष तयार करतात की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजल्यापासून चार तासांत पोटात जाणार नसेल तर शिजवलेलं अन्न पाठवू नका. लांबून पाठवायचं तर कोरडं पाठवा. भडंग, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, कडक भाकरी. ताजं हवं ते केंद्रातच चुलाणं मांडून करू द्या. खिचडी, पिठलं-भात. बायकांना हाताला काम मिळतं आणि पोरांना ओळखीची चव. स्वयंपाक मात्र झोपायच्या खोल्यांपासून लांब, आणि सिलिंडर व्हरांड्याबाहेर उघड्यावर.

जुने कपडे पाठवू नका एवढंच म्हणतो. २०१९ मध्ये त्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते. अशा ढिगांत उंदीर मात्र सुखात राहतात.

रात्रीच्या तीन गोष्टी

वीज गेली की जनरेटर येतो. पावसात भिजू नये म्हणून तो व्हरांड्यात किंवा जिन्याखाली ठेवतात, आणि चूक होते ती इथंच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. त्याच खोलीतल्या तीन-चार माणसांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर थकवा म्हणून सोडू नका, सगळ्यांना आधी बाहेर काढा. जनरेटर खिडक्या-दारांपासून किमान वीस फूट लांब, वर पत्र्याचा आडोसा, आणि धुराचं तोंड इमारतीच्या उलट दिशेला. पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर यात जास्त धोक्याचा.

दुसरं, मोबाइल चार्जिंग. एका जुन्या बोर्डात एक एक्स्टेन्शन, त्यात दुसरं, त्यात वीस चार्जर, खाली ओली फरशी. विजेच्या गळतीला आपोआप तुटणारं ब्रेकर शाळेच्या मीटरपाशी बसवलंय का, हे वायरमनकडून पावसाळ्याआधीच बघून घ्यायचं. चार्जिंगची जागा एकच, कोरडी आणि पोरांच्या हाताला न येणारी.

तिसरं, साप. त्यांचीही बिळं बुडालेली असतात आणि तेही कोरडी जागा शोधत येतात. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावा इतका बारीक असतो की माणसाला जाग येईलच असं नाही, आणि पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, एवढीच तक्रार असते. अशा तक्रारीला अपचन समजून सोडा देत बसू नका. १०८ ला फोन करा. बाकावर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणं, या दोन गोष्टी इथंही उपयोगाला येतात.

जनावरं

कोल्हापूर-सांगलीकडचं माणूस म्हैस मागं ठेवून बोटीत बसत नाही. २०१९ लाही तेच झालं, आणि त्यात चुकीचं काही नाही, त्याचा संसारच तिच्यावर आहे. "जनावरं आणू नका" असं बजावलं की माणूसही घरात अडून बसतो. त्यामुळं केंद्र ठरवतानाच जनावरांची वेगळी जागा धरायला हवी. ती पाण्याच्या टाकीपासून आणि स्वयंपाकापासून लांब हवी, उताराच्या खालच्या बाजूला हवी, म्हणजे मूत-शेण वाहून माणसांकडं येणार नाही. त्यांचा चारा कोण आणणार हेही त्याच बैठकीत ठरलं पाहिजे, नाहीतर चौथ्या दिवशी म्हशीसाठी माणसं पुन्हा पाण्यात उतरतात.

एक वही आणि मे महिना

केंद्रात जेवणाऱ्यांची नोंद असते, वाटलेल्या चादरींची असते. आजाऱ्यांची वही क्वचितच दिसते. तिला चार रकाने पुरेत: तारीख, खोली क्रमांक, जुलाब-उलटी, ताप. नावही नको. रोज संध्याकाळी एकानं सगळ्या खोल्यांत फिरून आकडे टाकायचे. एकाच खोलीत दिवसात दोन-तीन जुलाबाचे पेशंट दिसले की त्या खोलीचं पिंप आणि त्या बाजूचा संडास लगेच तपासायचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं. पन्नास माणसं आडवी झाल्यावर डॉक्टरांची गाडी बोलावण्यात आणि दोन माणसांवर पिंप बदलण्यात हाच फरक आहे.

बाकीची बहुतेक कामं पूर आल्यावर होतच नाहीत, ती मे महिन्यातली आहेत. गावाच्या आराखड्यात निवारा केंद्र म्हणून शाळेचं नाव असतं, पण तिथं तीनशे माणसं राहिली तर काय होईल हे कुणी जाऊन बघितलेलं नसतं. सेप्टिक टँक रिकामा करून घ्यायचा, आणि तो कुठं रिकामा होतोय हेही बघायचं. संडासांच्या कड्या, बल्ब, एक उतरता रॅम्प. टीसीएलचं पोतं नवं, बंद आणि कोरड्या जागी. ओटी टेस्टची डबी, तिच्यावरची मुदत बघून. झाकणाची आणि नळाची पिंपं. टँकरवाल्याचा आणि मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर रंगवून. आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात जेवणाच्या खर्चाखाली आणखी एक ओळ: संडास सफाईची मजुरी, रोज दोन माणसं, पंधरा दिवस.